कुंपणापलीकडचा गेम्सबॉक : नामिबियातील पहिल्या शिकार-सहलीचे एक प्रकरण

नामिबियाच्या मध्य-उत्तर भागात, वॉटरबर्ग पठाराच्या दक्षिणेकडील एका खासगी फार्मवर, जून महिन्यातल्या एका संध्याकाळी एका पाहुण्या शिकाऱ्याने गेम्सबॉक (लांब सरळ शिंगांचे, ओरिक्स प्रकारातले मोठे कुरंग) जातीच्या मादीवर बार टाकला. मादी जागच्या जागी कोसळली, काही क्षणांत उठून उभी राहिली आणि कळपासोबत काटेरी झाडोऱ्यात दिसेनाशी झाली. दुसऱ्या दिवशी तिचा माग शेजारच्या फार्मच्या कुंपणाखालून पलीकडे गेलेला आढळला. ते जनावर आता कोणाचे, पुढे कोणाच्या परवानगीने जायचे, पैसे कोणी कोणाला द्यायचे आणि मुळात तो बार तसा का बसला, या प्रश्नांचा हा आढावा आहे. शिकारी माझे सहकारी होते आणि मी त्यांच्याबरोबर ‘ऑब्झर्व्हर’ म्हणून, म्हणजे बंदूक न घेता कमी दैनिक दर भरून, गेलो होतो. त्यामुळे बहुतेक गोष्टी मी स्वतः पाहिल्या आहेत. संबंधितांची नावे गाळली आहेत. शिकार असावी की नसावी हा वाद मी येथे घेतलेला नाही. तो वाद खरा आहे, पण या प्रकरणाने तो सुटत नाही.

जनावर कोणाचे, याचा कायदा

‘प्लेन्स गेम’ या नावाखाली आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात हत्ती, सिंह, बिबट्या, गेंडा आणि केप बफेलो ही धोकादायक जनावरे सोडून उरलेली बहुतेक खुरांची जनावरे येतात. त्यात गेम्सबॉक, कुडू, स्प्रिंगबॉक, हार्टबीस्ट, इम्पाला, झेब्रा आणि वॉर्टहॉग यांचा समावेश होतो. पहिल्यांदा आफ्रिकेत जाणारा शिकारी जवळजवळ नेहमी याच प्रकारापासून सुरुवात करतो, कारण खर्च आवाक्यातला असतो आणि एका आठवड्यात तीन-चार जातींची संधी मिळू शकते.

नामिबियातील या व्यवहाराचा पाया १९७५ च्या निसर्गसंवर्धन अध्यादेशात आहे. किमान १,००० हेक्टर क्षेत्र आणि पुरेसे कुंपण असलेल्या फार्मच्या मालकाला गेम्सबॉक, कुडू, स्प्रिंगबॉक, वॉर्टहॉग अशा ठरावीक जातींच्या जनावरांवर, ती त्याच्या जमिनीवर असेपर्यंत, मालकीहक्क मिळतो. १९९६ च्या दुरुस्तीने याच धर्तीचे हक्क गावसमूहांच्या सामूहिक जमिनीवरील कॉन्झर्व्हन्सींनाही (वन्यजीवांचे व्यवस्थापन करणाऱ्या स्थानिक संस्थांनाही) दिले आणि १९९८ मध्ये अशा पहिल्या कॉन्झर्व्हन्सींची नोंदणी झाली. मराठी वाचकाला ही व्यवस्था चमत्कारिक वाटणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वन्यप्राणी ही सरकारची बाब झाली, त्यामुळे विदर्भातल्या शेतकऱ्याला शिवारात घुसलेला रोह्यांचा कळप म्हणजे निव्वळ नुकसान आणि वनखात्याकडे भरपाईचा अर्ज. नामिबियातल्या फार्ममालकाच्या वहीत मात्र गाईंच्या शेजारच्याच पानावर गेम्सबॉकची संख्या असते. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये कुनोला आलेल्या ८ चित्त्यांमुळे आपल्याकडे नामिबियाचे नाव घरोघरी पोहोचले. त्या देशातले बहुतेक चित्ते राष्ट्रीय उद्यानांत नव्हे, तर अशाच खासगी फार्मवर राहतात, कारण त्यांचे भक्ष्य तिथे आहे.

ट्रॉफी-शिकारीसाठी, म्हणजे शिंगे-कवटी आठवण म्हणून नेण्यासाठी केलेल्या शिकारीसाठी, सरकारी परवाना लागतो. हंगाम १ फेब्रुवारी ते ३० नोव्हेंबर असतो, पाहुण्या शिकाऱ्यासोबत नोंदणीकृत मार्गदर्शक किंवा व्यावसायिक शिकारी असणे सक्तीचे असते आणि एका जातीची दोनपेक्षा जास्त जनावरे एका परवान्यावर मारता येत नाहीत. शिकार सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच करता येते. गोळीच्या ऊर्जेलाही किमान मर्यादा आहे. स्प्रिंगबॉकसाठी ती १,३५० ज्यूल आणि गेम्सबॉक, कुडू अशा मोठ्या जनावरांसाठी २,७०० ज्यूल आहे. माझ्या सहकाऱ्यांची थर्टी-ओ-सिक्स रायफल साडेतीन हजार ज्यूलच्या वर जात असल्याने त्या बाजूने काही कमी नव्हते. हे मुद्दाम नोंदवतो, कारण जनावर जखमी होऊन पळाले की पहिल्यांदा ‘बंदूक लहान पडली’ असे बोलले जाते, आणि बहुतेक वेळा ते खरे नसते.

शिकारी, त्यांची तयारी आणि करार

शिकारी पन्नाशीतले, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचे रहिवासी आणि हरणाच्या शिकारीत मुरलेले. तिथली हरणांची शिकार बहुधा झाडावर बांधलेल्या मचाणावरून होते. शिकारी तासन्‌तास स्थिर बसून असतो, जनावर ६०-७० मीटरवर येते, बंदूक कठड्यावर टेकवलेली असते आणि बार टाकायचा की नाही हे ठरवायला पुरेसा अवधी मिळतो. नामिबियात यातले काहीच नसते. शिकारी पायी चालत असतो, दम लागलेला असतो, समोर १५० ते २०० मीटरवर कळप उभा असतो, व्यावसायिक शिकारी (तिथे सगळे त्याला ‘पीएच’ म्हणतात) लाकडी तिकाटणे झटकन उभे करतो, आणि त्यावर बंदूक टेकवून उभ्यानेच पाच-सात सेकंदांत चाप ओढावा लागतो. निघण्यापूर्वी या तिकाटण्यावरून सराव करा, असे आयोजकाने, म्हणजे फार्मच्या मालकाने, पाठवलेल्या सूचनापत्रात लिहिलेले होते. सराव झाला, पण तो रेंजवरच्या टेबलावर बसून, वाळूच्या पिशवीवर बंदूक ठेवून. फ्रँकफर्टमार्गे विंडहूकच्या होसेया कुटाको विमानतळावर उतरल्यावर पोलिसांकडून बंदुकीचा तात्पुरता परवाना घेणे वगैरे सोपस्कार बिनबोभाट पार पडले.

करार ईमेलने आलेला दोन पानी मजकूर होता. दैनिक दरात राहणे, जेवण, गाडी, पीएच आणि ट्रॅकर (माग काढणारा) यांचा खर्च धरलेला होता. त्याशिवाय प्रत्येक जनावराची वेगळी ‘ट्रॉफी फी’ होती, गेम्सबॉकसाठी काही शे डॉलर. त्यातले महत्त्वाचे वाक्य असे होते की, ज्या जनावराचे रक्त निघाले ते सापडो वा न सापडो, त्याची पूर्ण फी देय राहील. हे वाक्य आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील जवळजवळ प्रत्येक करारात असते. सहकाऱ्यांना ते आधीपासून खटकत होते. हातात काही न येता पैसे का द्यायचे, असा त्यांचा साधा सवाल होता. माझ्या मते हा नियम न्याय्य आहे. जखमी जनावर झाडोऱ्यात मेले तर फार्ममालकाच्या दृष्टीने ते गेलेच. शिवाय फी फक्त सापडलेल्या जनावराची असती, तर लांबचा आणि शंकास्पद बार टाकून पाहण्याचा मोह शिकाऱ्याला फुकटात झाला असता. नियमामुळे त्या मोहाला किंमत लागते.

या करारात एक गोष्ट मात्र नव्हती. जखमी जनावर शेजाऱ्याच्या हद्दीत गेले तर काय, याबद्दल एक अक्षरही नव्हते. फार्म सुमारे ९,००० हेक्टरचे होते, पण त्याला उंच जाळीचे कुंपण नव्हते. गुरांसाठी असते तसे पाच तारांचे, छातीएवढे कुंपण होते. गेम्सबॉक सहसा उडी मारत नाही. तो खालच्या तारेखालून अंग चोरून निघतो आणि हा त्याचा रोजचा परिपाठ असतो. असे कुंपण असलेल्या फार्मच्या करारात या शक्यतेचा उल्लेख नसणे ही आयोजकाची ढिलाई होती, आणि पुढचा अर्धा गोंधळ तिच्यातून निघाला.

बार

पोहोचल्या दिवशी दुपारी पीएचने नियमाप्रमाणे पुठ्ठ्याच्या निशाणावर बंदूक तपासायला लावली. टेबलावरून मारलेल्या तीन गोळ्या एका तळहातात मावतील इतक्या जवळ बसल्या. नंतर तिकाटण्यावरून मारलेल्या तीन गोळ्यांमध्ये मात्र वीतभर अंतर पडले आणि एक बरीच वर गेली. पीएच काही बोलला नाही. त्याच वेळी ‘पहिली शिकार १०० मीटरच्या आतच’ असे त्याने ठरवून सांगायला हवे होते, असे मला आजही वाटते. पाहुण्याला पहिल्याच दिवशी नाउमेद करायचे नाही, हा या व्यवसायातला शिष्टाचार आहे, आणि त्याची किंमत कधीकधी जनावर मोजते.

पाचच्या सुमारास, सूर्यास्ताला जेमतेम सवा तास उरला असताना, पाणवठ्याकडे निघालेला गेम्सबॉकचा कळप दिसला. वारा अनुकूल होता. पीएच आणि ट्रॅकर यांनी शिकाऱ्यांना ब्लॅकथॉर्नच्या झुडपांआडून रांगत, वाकत पुढे नेले; मी मागे थांबलो. गेम्सबॉकमध्ये नर आणि मादी दोघांनाही शिंगे असतात. नराची बुंध्याशी जाड, मादीची बारीक पण बहुधा अधिक लांब. पीएचने उजवीकडून तिसरी, कळपापासून जरा सुटी असलेली म्हातारी मादी दाखवली. ती विण्याचे वय उलटून गेलेली होती आणि टोके झिजलेली तिची शिंगे दुर्बिणीतून स्पष्ट दिसत होती. अंतर सुमारे १७० मीटर, जनावर पूर्ण आडवे. तिकाटणे उभे राहिले, बंदूक त्यावर आली आणि बार झाला.

मादी पायाखालची जमीन काढून घ्यावी तशी खाली बसली. शिकाऱ्यांनी मान वर केली, बंदूक खाली घेतली आणि हस्तांदोलनासाठी हात पुढे केला. पीएचचा आवाज मला मागे ऐकू आला : ‘भरा, भरा, दुसरी गोळी भरा!’ खोळंबा झाला तो तेवढाच, पण तेवढ्यात मादीने पुढचे पाय रोवले, उठली आणि बिथरलेल्या कळपात मिसळली. आता बार टाकला असता तर दुसरे जनावर मध्ये सापडण्याचा धोका होता, म्हणून पीएचने हात आडवा धरून थांबवले. ते बरोबर होते.

या क्षणाचे स्पष्टीकरण जनावराच्या बांध्यात आहे, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याने सगळ्यात आधी शिकायची गोष्ट हीच आहे. गेम्सबॉकच्या खांद्यावर बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा असतो. तो चरबीचा नसून कण्याच्या मणक्यांतून वर निघालेल्या लांब हाडकांचा आणि त्यांभोवतीच्या स्नायूंचा असतो. खुद्द कणा त्या ठिकाणी पाठीच्या रेषेपेक्षा बराच खाली असतो. दुर्बिणीतून पाहताना डोळा आपोआप संपूर्ण आकृतीचा मध्य शोधतो, आणि उंचवट्यामुळे तो मध्य खऱ्यापेक्षा वर दिसतो. गोळी त्या हाडकांना लागली तर धक्क्याने कणा क्षणभर सुन्न होतो आणि जनावर कोसळते, पण हृदय, फुप्फुसे, यकृत यांना काहीच झालेले नसते. सुन्नपणा उतरताच ते उठून पळते. म्हणून तिथले अनुभवी लोक जागच्या जागी कोसळलेल्या जनावरावर विश्वास ठेवत नाहीत. जे जनावर गोळी लागल्यावर पाठ कमानीसारखी वाकवून शे-दीडशे मीटर सुसाट धावते आणि मग पडते, ते त्यांच्या मते पक्के. शिवाय अमेरिकेतल्या हरणाच्या शिकारीत खांद्याच्या किंचित मागे नेम धरायची सवय असते. आफ्रिकेतल्या या जनावरांचे हृदय त्या मानाने पुढे आणि खाली, पुढच्या दोन्ही पायांच्या मधल्या जागेत असते. नेम धरायचा तो पुढच्या पायाच्या सरळ रेषेत, छातीच्या तळापासून एक तृतीयांश उंचीवर. शिकाऱ्यांनी ही आकृती पाहिलेली होती, पण सवय हाताला होती.

माग, पहिली संध्याकाळ

ट्रॅकर साठीचे, दमारा भाषा बोलणारे गृहस्थ होते. पीएचशी ते आफ्रिकान्समध्ये बोलत आणि आमच्याशी फारसे बोलतच नसत. ते पडल्या जागी गेले, गुडघ्यावर बसले आणि बराच वेळ हललेच नाहीत. त्यांनी उचललेल्या वस्तू पीएचच्या तळहातावर ठेवल्या तेव्हा मी पुढे होऊन पाहिल्या. पाठीवरच्या काळ्या पट्ट्यातले राठ केस होते, आणि नखाएवढी हाडाची कपची. रक्त थोडे होते, लालभडक, आणि त्यात फेस नव्हता. फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस. गडद, काळपट रक्त म्हणजे यकृत. हिरवट, चावलेल्या गवताचे कण मिसळलेला ओलावा म्हणजे गोळी कोथळ्यात. इथे यांपैकी काही नव्हते. पुढे वीसेक पावलांवर झुडपाच्या पानांवर रक्ताचा एक पुसट ओघळ सापडला, तोही जमिनीपासून कमरेच्या वर. त्या उंचीवरूनच ट्रॅकरनी सांगितले की जखम पाठीच्या वरच्या भागात आहे.

पुढे काय करायचे, यावर पीएच आणि ट्रॅकर यांचे एकमत नव्हते. कोथळ्यात गोळी बसलेल्या जनावराला काही तास शांत पडू द्यावे, म्हणजे ते जवळच बसते आणि जखडते. मागे लागले तर ते मैलोन्‌मैल चालते, हा सर्वमान्य संकेत आहे. मात्र वरवरच्या, स्नायूंच्या जखमेत थांबून काही मिळत नाही; रक्त थांबते, माग इतर मागांत मिसळतो. ट्रॅकरचे म्हणणे असे की उजेड आहे तोवर निघावे. पीएचचे म्हणणे असे की कळप बिथरलेला आहे, पाऊण तासात अंधार होईल, आणि जखमी गेम्सबॉकला दाट ब्लॅकथॉर्नमध्ये संधिप्रकाशात गाठणे माणसांसाठी धोक्याचे आहे. हा धोका काल्पनिक नाही. गेम्सबॉक झुडपाला पाठ लावून उभा राहतो आणि मीटरभर लांबीची सरळ शिंगे वापरतो, त्याने सिंहालाही भोसकल्याच्या नोंदी आहेत. शेवटी अर्धा किलोमीटर माग काढून, शेवटच्या रक्ताच्या थेंबाजवळ काट्याला कागदाची पट्टी अडकवून सगळे परतले.

पीएचचा निर्णय चुकला असे मी म्हणणार नाही. ट्रॅकरचे मत अधिक बरोबर होते, एवढेच म्हणेन. रात्री तरस किंवा बिबट्या त्या मादीपर्यंत पोहोचला असता तर शोधायला काही उरले नसते, आणि जखमी जनावराची रात्र ही हिशोबात न धरण्यासारखी गोष्ट नव्हे.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर शिकाऱ्यांनी दोन प्रश्न विचारले. मादी सापडलीच नाही तर फी द्यावी लागेल का, हा पहिला. पीएचने करारातले वाक्य दाखवले. परवान्यावर एका जातीची दोन जनावरे चालतात, तर उद्या दुसऱ्या गेम्सबॉकच्या मागे जाता येईल का, हा दुसरा. कायद्याने ते शक्य होते. पीएचने स्वच्छ शब्दांत नकार दिला. पहिल्या जनावराचा निकाल लागेपर्यंत दुसऱ्यावर बंदूक उचलली जाणार नाही, असे तो म्हणाला. दुपारच्या त्याच्या गप्प राहण्याबद्दल मी वर जे लिहिले आहे, त्याची भरपाई या नकाराने बरीचशी झाली.

कुंपण

जूनमध्ये तिथे पहाटे तापमान शून्याजवळ जाते आणि सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो. कागदाच्या पट्टीपासून माग पुन्हा सुरू झाला. रक्त जवळजवळ संपले होते, म्हणून पुढचे सगळे काम खुरांच्या ठशांवर होते, आणि ठसे पूर्ण कळपाचे होते. ट्रॅकरनी पहिल्या काही मिनिटांतच एका ठशाभोवती काठीने रेघ ओढून पीएचला दाखवले. पुढच्या डाव्या खुराच्या बाहेरच्या टोकाचा एक तुकडा उडालेला होता. तो ठसा त्यांनी धरून ठेवला. जिथे जमीन कडक झाली तिथे ते थांबत, अर्धवर्तुळात फिरून पुढचा मऊ पट्टा शोधत आणि तोच तुटका ठसा पुन्हा काढत. दीड किलोमीटरनंतर तो ठसा कळपापासून वेगळा होऊन उत्तरेला वळला. जखमी जनावर कळप सोडते, हे पुस्तकातही असते. ते जमिनीवर घडलेले पाहणे वेगळे.

मग कुंपण आले. सगळ्यात खालच्या तारेच्या गाठीत पाठीचे तेच राठ केस अडकलेले होते आणि तारेवर बोटभर लांबीचा वाळलेल्या रक्ताचा डाग होता. ठसे पलीकडे सुरू होत होते. ट्रॅकर तारेपाशी थांबले. पीएचने बंदुकीतली काडतुसे काढून घेतली आणि सगळ्यांना मागे बसायला सांगितले.

शिकाऱ्यांना हे पटेना. जखमी जनावर समोर आहे, माग ताजा आहे, अशा वेळी परवानगीची औपचारिकता कसली? माणुसकीच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे समजण्यासारखे होते. कायद्याच्या दृष्टीने मात्र, तारेच्या पलीकडे गेल्याक्षणी ती मादी शेजाऱ्याची झाली होती. परवानगीशिवाय बंदूक घेऊन तिथे जाणे म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर चोरटी शिकार, आणि पीएचची नोंदणी त्यावर पणाला लागली असती. फार्म-फार्ममध्ये अशा प्रसंगांसाठी बहुतेक ठिकाणी आधीपासून ठरलेला रिवाज असतो. कुठे ‘कळवा आणि जा’, कुठे ‘आमचा माणूस सोबत हवा’, कुठे मांस शेजाऱ्याला. इथेही रिवाज होता, पण तो आधीच्या मालकाशी तोंडी ठरलेला, आणि शेजारचे फार्म मधल्या काळात दुसऱ्याच्या हाती गेले होते. नवे मालक विंडहूकला होते. फोनची रेंज जिथे मिळते त्या टेकाडावर पीएच गाडीने गेला, आणि दोन-तीन निष्फळ प्रयत्नांनंतर मालकांशी बोलणे होईपर्यंत दुपारचे बारा वाजले. परवानगी मिळाली ती दोन अटींवर. त्यांचा मुकादम सोबत असेल, आणि जनावराचा हिशोब नंतर ठरवला जाईल.

‘नंतर’ या शब्दावर त्या वेळी कोणी बोट ठेवले नाही, कारण सगळ्यांना निघायची घाई होती.

मादी दुपारी उशिरा, पलीकडे दोन किलोमीटरवर, कॅमलथॉर्नच्या सावलीत उभी सापडली. मान खाली, पाठ झाडाकडे. पीएचने शिकाऱ्यांना ६० मीटरपर्यंत नेले, तिकाटणे लावले आणि या वेळी नेमाची जागा बोटाने हवेत काढून दाखवली. गोळी खांद्याच्या खालच्या तिसऱ्या भागात बसली. मादी पडायच्या आत दुसरी गोळीही भरलेली होती. कोणी हात पुढे केला नाही. पीएचने जवळ जाऊन काठीच्या टोकाने डोळ्याला स्पर्श करून पाहिला, पापणी हलली नाही, तेव्हा कुठे बंदुका खाली आल्या.

संध्याकाळी कातडी सोलण्याच्या शेडमध्ये पीएचने शिकाऱ्यांना मुद्दाम थांबवून घेतले. वशिंडाच्या भागात, कण्याच्या चार बोटे वर, पहिल्या गोळीचे भोक आरपार गेलेले होते. दोन हाडके तुटलेली, भोवतीचे मांस जांभळे पडलेले. त्याने सुरीच्या पात्याने आधी पाठीची बाहेरची रेषा दाखवली, मग कणा कुठून जातो ते, मग हृदय. बाहेरच्या रेषेपासून कण्यापर्यंतचे अंतर माझ्या पसरलेल्या पंजाएवढे भरले. समोरचे दात खुंटापर्यंत झिजले होते. जनावर खरोखरच म्हातारे होते, आणि निवड तेवढी अचूक होती.

हिशोब

वाद पैशांवर आला, आणि तो शिकारी व आयोजक यांच्यात न राहता तीन बाजूंचा झाला. आयोजकाच्या कराराप्रमाणे रक्त निघताच फी देय झाली होती, आणि रक्त त्याच्या जमिनीवर निघाले होते. शेजाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे जनावर त्याच्या जमिनीवर, त्याच्या परवानगीने मारले गेले. म्हणून फी आणि मांस दोन्ही त्याचे. शिकाऱ्यांना भीती होती की दोघेही पूर्ण रक्कम मागतील. ती अगदीच निराधार नव्हती, कारण कराराच्या शब्दांत तिला अटकाव करणारे काही नव्हते.

माझ्या दृष्टीने शेजाऱ्याची बाजू भक्कम होती. जखम करणे आणि मारणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि दुसरी घडली तेव्हा जनावराची मालकी त्याच्याकडे होती. आयोजकाचा दावा कराराला धरून असला, तरी तो करार शिकारी आणि आयोजक यांच्यातला. त्याने तिसऱ्याच्या मालकीवर परिणाम होऊ शकत नाही. उलट बाजूने असेही म्हणता येते की शेजाऱ्याच्या हद्दीत आलेले जनावर जखमेने मेलेच असते आणि त्याला काही मिळाले नसते. पण हा युक्तिवाद शेजाऱ्याच्या उपकारावर बेतलेला आहे, हक्कावर नाही. शिवाय शेडमधल्या त्या जखमेकडे पाहता मादी कदाचित जगलीही असती.

शेवटी तडजोड झाली ती आयोजकाच्या पुढाकाराने, आणि त्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. शिकाऱ्यांनी करारातली फी एकदाच भरली; ती संपूर्ण शेजाऱ्याला देण्यात आली. मांसही शेजाऱ्याकडे गेले, त्यातला पुढचा एक फरा ट्रॅकरच्या घरी पोहोचवण्याच्या बोलीवर. शिंगे आणि कवटी शिकाऱ्यांना मिळाली. आयोजकाकडे दैनिक दराखेरीज काही उरले नाही, पण शेजाऱ्याशी बिघाड झाला असता तर पुढच्या प्रत्येक हंगामात कुंपणापाशी हेच झाले असते, हे त्याला कळत होते. गेम्सबॉक ‘साइटिस’च्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधने घालणाऱ्या कराराच्या) यादीत नसल्याने निर्यातीचे कागद सोपे होते, अमेरिकेत नेण्यासाठी कवटी उकळून, मांसाचा अंशही न ठेवता स्वच्छ करणे एवढेच काम उरले.

उरलेल्या दिवसांत शिकाऱ्यांनी एक वॉर्टहॉग मारला आणि एका कुडूवर, तो तिरका उभा होता म्हणून, नेम धरूनही चाप ओढला नाही. कुडू मिळालाच नाही. त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

पुढच्या हंगामासाठी आयोजकाने कराराचा मजकूर बदलला, तो त्याने मला पाठवला होता. जखमी जनावर शेजारच्या हद्दीत गेल्यास शोध शेजाऱ्याच्या परवानगीनेच पुढे जाईल. फी एकदाच आकारली जाईल. ती आणि मांस कोणाकडे जाईल हे दोन मालकांमधल्या लेखी समजुतीने ठरेल आणि त्याचा बोजा शिकाऱ्यावर पडणार नाही. चारही बाजूंच्या शेजाऱ्यांपैकी तिघांनी तशा समजुतीवर सह्या केल्या. चौथ्याने केली नाही, त्यामुळे त्या बाजूच्या कुंपणापासून ठरावीक अंतरात पाहुण्यांना बार टाकू दिला जात नाही.